उसनी थंडी
(पांढऱ्या वाईनवरच्या पुस्तकाची प्रस्तावना)

डिसेंबर सरत आला की वर्तमानपत्रांत दोन गावांची नावं हमखास दिसू लागतात. तिकडे नाशिक जिल्ह्यातलं निफाड आणि इकडे गोंदिया. निफाडच्या थंडीचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो, गोंदियाचा नागपूरच्या वेधशाळेकडून. सोबत शेकोटीभोवती कानटोपी घालून बसलेल्या म्हाताऱ्यांचा फोटो असतो, आणि तो दरवर्षी तोच आहे असा मला दाट संशय आहे. मी नागऱ्याचा. शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या जत्रेसाठी ओळखलं जाणारं आमचं गाव गोंदिया शहराला लागूनच आहे. त्यामुळे ‘विदर्भात सर्वांत थंड गोंदिया’ अशी बातमी आली की आपणच काही पराक्रम केल्यासारखी आमची मान ताठ व्हायची.

पुढे रसायनशास्त्राची पदवी घेऊन पोटामागे नाशिक जिल्ह्यात गेलो आणि एका वायनरीच्या प्रयोगशाळेत लागलो. तिथे पहिल्याच हिवाळ्यात लक्षात आलं की जी थंडी आमच्याकडे नुसती अंग शेकायला लावते, ती इथे द्राक्षाच्या मण्यात साठवून बाटलीत भरली जाते. गोंदियाचा पारा आठवर आणि निफाडचा सहावर, फरक दोन अंशांचा. मग तिथे सोविन्यों ब्लांचं द्राक्ष आणि इथे धान, असं का? या भाबड्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हे पुस्तक झालं. उत्तर मात्र दोन अंशांत मावणारं निघालं नाही.

आधी शब्दाविषयी. पांढरी वाईन पांढरी नसते. ती गवताच्या वाळल्या काडीच्या रंगाची असते, कधी हिरवट झाक असलेली, जुनी झाली की मधाकडे झुकणारी. द्राक्षाचा रंग सालीत असतो, गरात जवळजवळ नसतोच. लाल वाईन करताना रस सालीसकट आंबवतात, पांढरी करताना साल आधीच बाजूला काढतात. हा एवढासा फरक सगळा खेळ बदलून टाकतो. लाल वाईनला सालीतला तुरटपणा आधार देतो; एखादी चूक झाली तर ती त्याआड लपते. पांढऱ्या वाईनला लपायला जागा नाही. तिच्याकडे वास आणि आंबटपणा एवढंच भांडवल. आंबटपणा गेला की उरतं ते गोडसर, बेचव, कोमट पाणी. पांढरी वाईन करणं म्हणजे द्राक्ष पिकत असताना त्यातला आंबटपणा राखणं, हे वाचकाने एवढ्या एका पानापुरतं मान्य करावं. पुढचं सारं पुस्तक त्याचाच पसारा आहे.

द्राक्षात दोन मुख्य आम्लं. एक टार्टारिक, जे आपल्या चिंचेत असतं. ते कणखर, उन्हाला फारशी दाद देत नाही. दुसरं मॅलिक, हिरव्या सफरचंदातलं. ते नाजूक. मणी पिकू लागला की वेल ते श्वसनात जाळून टाकते, आणि रात्र जितकी उबदार तितकं ते लवकर जळतं. म्हणजे दुपारच्या उन्हाने साखर चढते आणि रात्रीच्या उकाड्याने आंबटपणा उतरतो. दुपार सौम्य आणि रात्र गार मिळाली तर साखर व आंबटपणा हातात हात घालून चालतात, आणि पिकायला वेळ मिळाल्यामुळे वासही नीट भरतो.

असा मुलूख जगात पुष्कळदा थंड समुद्राच्या काठाला सापडतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं मार्लबरो घ्या. १९७३ साली तिथे व्यापारी पातळीवर द्राक्ष लावायला सुरुवात झाली तेव्हा ती मेंढरांची कुरणं होती. आज सोविन्यों ब्लां म्हटलं की निम्म्या जगाला तेच नाव आठवतं. भर उन्हाळ्यातली तिथली दुपार आमच्या नागऱ्यातल्या जानेवारीच्या दुपारइतकीच सौम्य. चिलीत सँतियागो आणि वालपाराइसो यांच्यामध्ये कासाब्लांका नावाचं खोरं आहे. अक्षांश पाहिला तर ते तापायला हवं. पण समोरच्या महासागरात हंबोल्टचा थंड प्रवाह दक्षिण ध्रुवाकडून वर वाहतो, त्यावरून धुकं उठतं आणि सकाळी खोऱ्यात येऊन बसतं. १९८२ साली पाब्लो मोरांदे या वाईनकाराने तिथे वेली लावल्या तेव्हा लोकांना तो वेडेपणा वाटला होता.

मला स्वतःला जिव्हाळा वाटतो तो स्पेनच्या वायव्य टोकाच्या गॅलिशियाचा. रिआस बाइशास हा तिथला भाग. पाऊस वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे आमच्या गोंदियापेक्षाही जास्त. अटलांटिकची ओल सतत अंगाला चिकटलेली. तिथले शेतकरी अल्बारिन्यो नावाचं द्राक्ष ग्रॅनाइटच्या खांबांवर आडवा मांडव घालून वाढवतात. घड वर टांगलेले, खालून वारा खेळता, त्यामुळे बुरशी कमी. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं. आपल्याकडे सांगली-नाशिकचा बागाईतदारही मांडवच घालतो! दगडी खांबाऐवजी लोखंडी अँगल, एवढाच काय तो फरक. बाकी डोक्यावर पानं, खाली वाकून चालणारी माणसं, तेच.

मग आपल्याला तर शेकडो किलोमीटरचा किनारा आहे, आपल्या कोकणात का नाही? कारण समुद्र समुद्रात फरक असतो. अरबी समुद्र बारा महिने कोमट. रत्नागिरीत जानेवारीची रात्रही अठरा-वीस अंशांची, हवा दमट, पाऊस तीन हजार मिलिमीटर. तिथल्या वेलीला थंडी अशी लागतच नाही. ती झोपत नाही आणि नीट जागीही होत नाही. कोकण-गोव्याने म्हणून आपलं वेगळं पाहिलं: माडाची माडी आणि काजूबोंडूची फेणी. गोव्याच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्या किनाऱ्याने आपलं पेय कधीच ठरवून टाकलं होतं यावर सरकारी शिक्का बसला, इतकंच.

समुद्राने हात वर केले, तेव्हा महाराष्ट्रातल्या द्राक्षवाल्याने काय केलं? तो घाट चढून गेला. नाशिक समुद्रापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण सुमारे सहाशे मीटर उंच. पण उंचीने फार तर तीन-चार अंश मिळतात. विसाव्या अक्षांशावर तेवढ्याने भागत नाही. खरी युक्ती दुसरी आहे आणि ती मला मार्लबरोच्या निसर्गापेक्षा जास्त थोर वाटते. थंड देशातला माणूस थंड जागा शोधतो. आपला माणूस थंड महिना शोधतो, आणि पिकणं उचलून त्या महिन्यात नेऊन ठेवतो.

हे होतं कात्रीने. एप्रिलमध्ये खरड छाटणी: वेल जवळजवळ बोडकी करायची. त्यातून नव्या काड्या फुटतात आणि एप्रिल-मेच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात काडीच्या डोळ्यांमध्ये पुढच्या घडाचं बीज धरलं जातं. बागाईतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. म्हणजे ज्या उन्हाला आपण वाईनचा शत्रू समजतो, त्याच्याशिवाय घडच नाही. पावसाळ्यात काडी पिकते, तपकिरी होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. उष्ण मुलखात वेलीला खरी झोप नसल्यामुळे डोळे एकसारखे फुटत नाहीत, म्हणून त्यांवर औषधाचं पेस्टिंग करतात. बागेतल्या बायका एकेका डोळ्याला बोटाने लावत जातात. तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांनी, म्हणजे जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, पांढऱ्या वाईनची द्राक्षं तोडणीला येतात. मणी भरण्याचा काळ नेमका निफाडचा पारा बातमीत असतो तेव्हाचा. दुपार अठ्ठावीस-तीस अंशांची, रात्र आठ-दहाची. दुपारी सातारा, रात्री मार्लबरो!

ही दोन छाटण्यांची रीत वाईनसाठी निघालेली नाही. ती खाण्याच्या द्राक्षाची, थॉमसनची, तास-ए-गणेशची, सोलापूरजवळच्या नान्नजला निवडलेल्या सोनाकाची. डॉगरिजच्या खुंटावर कलम करण्याची विद्याही तिथलीच. आपल्या वाईनचा इतिहास लिहिणारे बहुधा कंपन्यांपासून सुरुवात करतात. मला तो अन्याय वाटतो. त्या शेतकऱ्यांनी तीस-चाळीस वर्षं कात्री घासून ठेवली नसती तर कुठल्याही परदेशी सल्लागाराला इथे काही सांगण्यासारखं उरलं नसतं. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रसुद्धा १९९७ चं. त्याआधी द्राक्ष बागाईतदार संघाच्या चर्चासत्रांतच शाळा भरत असे.

बाकी इतिहास थोडक्यात. ऐंशीच्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाईन केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशातही गेली. नंतर राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावलं, आणि २००० साली त्यांच्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं. विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले. मग २००८: जगभर मंदी, मुंबईवरचा हल्ला, ओस पडलेली हॉटेलं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात फयान वादळ, ऐन फुलोऱ्यात पाऊस. वाईनची द्राक्षं कोणी घेईना आणि ती बाजारात खायलाही चालेनात, कारण मणी लहान, बिया फार, साल जाड. त्या दोन-तीन वर्षांत अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. जे टिकले त्यांनी जातीची निवड शहाणपणाने केली.

त्या निवडीत शेनिन ब्लां पुढे आली हे मला फार बोलकं वाटतं. मूळची ती फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठची. तिचा गुण एकच: उन्हातही आंबटपणा सोडत नाही. जाणकारांच्या मैफलीत तिला सोविन्योंएवढा मान नाही. पण नाशिकच्या मार्चमध्ये अब्रू राखायची तर घरात अशी एक चिवट मावशी असावी लागते. सोविन्यों तोऱ्याची. थंड हवेत तिला ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा हिरवा वास येतो. ऊन चढलं की तो उडतो आणि पिकल्या पेरूचा वास पुढे येतो. परदेशी परीक्षक यावर नाक मुरडत. मला विचाराल तर पेरूचा वास येणं हे नाशिकच्या सोविन्योंचं व्यंग नाही, तिचा पत्ता आहे.

तोडणीविषयी मी पुस्तकात एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, कारण मला त्या वेळेचं वेड आहे. गोंदियाहून दुपारी निघणारी विदर्भ एक्स्प्रेस नाशिकरोडला मध्यरात्र उलटून अंधारातच सोडते. हंगामात सुट्टीवरून परतताना मी स्टेशनवरून थेट बागेत जायचो. कपाळाला बॅटऱ्या बांधलेल्या बायका ओळीने घड कापत असायच्या. दिवस उगवायच्या आत क्रेट भरून गेले पाहिजेत. कारण दहा-बारा अंशांचं द्राक्ष आणि दुपारचं तीस अंशांचं द्राक्ष यांत जमीनअस्मानाचा फरक. गरम द्राक्ष फुटलं की रस क्रेटमध्येच आंबायला लागतो आणि हवेने तपकिरी पडतो. मग ते थंड करायला जी वीज लागते तिचं बिल पाहून मालकाच्या कपाळाला आठ्या.

पुढचं काम कारखान्यातलं. हलक्या दाबाने रस काढायचा, थंड टाकीत रात्रभर ठेवून गाळ खाली बसू द्यायचा, वरचा नितळ रस वेगळा घेऊन त्यात यीस्ट सोडायचं. एक लिटर रसात साधारण सतरा ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. बावीस ब्रिक्सचा, म्हणजे साधारण बावीस टक्के साखरेचा, रस असला तर साडेबारा-तेरा टक्क्यांपर्यंत जातो. हे आंबणं स्वतःच उष्णता निर्माण करतं, म्हणून टाकीभोवतीच्या दुहेरी भिंतीतून गार द्रव फिरवत रस तेरा ते सोळा अंशांवर दोन-तीन आठवडे धरून ठेवायचा. थंड किनाऱ्यावर हेच काम निम्मं हवा करते. आपल्याकडे कॉम्प्रेसर.

एका हंगामात आमचा कॉम्प्रेसर बंद पडला. सुटा भाग आणि मेकॅनिक दोन्ही तिसऱ्या दिवशी उगवले. तोवर एका टाकीचा काटा पंधरावरून तेवीसवर गेला होता. वाईन खराब झाली असं कोणी म्हणालं नसतं: अल्कोहोल ठीक, आम्ल ठीक. पण वास निघून गेला होता. त्या तीन दिवसांत कारखान्याच्या आवारात मात्र पेरूच्या बागेत उभं राहिल्यासारखा घमघमाट होता. वरिष्ठ एवढंच म्हणाले, “जो वास आत्ता तुझ्या नाकात आहे ना, तो बाटलीत जायचा होता.” पांढऱ्या वाईनबद्दल मला इतकं नेमकं पुढे कोणी शिकवलं नाही.

आता भाषेची अडचण. ‘ड्राय’ वाईनला मराठीत काय म्हणायचं? ‘कोरडी’ म्हटलं की ऐकणारा बाटली रिकामी समजतो. मी ‘अगोड’ असा शब्द करून पाहिला, पण तो वैद्याच्या पथ्यासारखा वाटतो. शेवटी ‘ड्राय’च ठेवला आहे. चवींच्या बाबतीत मात्र आपण मुळीच गरीब नाही. आंबट, आंबूस, आंबटगोड, तुरट, तुरटसर, चरचरीत; कैरीचा आंबटपणा वेगळा, चिंचेचा वेगळा, कोकमाचा वेगळा, हे आपल्या जिभेला लहानपणापासून ठाऊक. इंग्रजी पुस्तकांतले गूझबेरी नि एल्डरफ्लॉवर मी जिथे जमलं तिथे काढून टाकले आहेत. थंड किनाऱ्यांवरचे लोक आपल्या वाईनबरोबर कालवं खातात. मी नागऱ्यात तलावातल्या झिंग्यांची भाजी आणि गार शेनिन हे जोडपं लावून पाहिलं. झिंग्यांत तिखट जरा आवरावं लागतं, बाकी जमतं.

आंबवणं आपल्याला परकं आहे असं समजणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. आयुर्वेदिक दुकानातल्या द्राक्षासवाच्या बाटलीवरचे घटक वाचा. त्यात धायटीची फुलं असतात. ती औषध म्हणून कमी आणि आंबवण सुरू करायला जास्त. त्या फुलांबरोबर यीस्ट येतं. ही धायटी आमच्या गोंदियाच्या जंगलात रानोमाळ फुलते. आणि मोह तर आहेच. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं रात्रभर टपटपतात आणि उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर. मोहाकडे साखर मुबलक, आंबटपणा जेमतेम. म्हणून त्याचं आंबवण तसंच पेल्यात येत नाही, भट्टीवर चढतं. इंग्रजांनी १८९२ साली ठाणे-कुलाब्यापुरता मोहफुलांवरच कायदा केला होता. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा विरोध झाला आणि निर्णय अडकला. त्या वादात वाईनच्या बाजूने ‘ती दारू नव्हेच’ असं बोललं गेलं. ते मला पटलं नाही. तेरा टक्के अल्कोहोल म्हणजे दारूच, आणि हे पुस्तक कोणाला पाजण्यासाठी लिहिलेलं नाही. पण द्राक्षाच्या घामाला धोरण आणि मोहाच्या घामाला पोलीस, ही वाटणीही मला कधी पटलेली नाही. पहाटे वेचणाऱ्या हातांचे कष्ट दोन्हीकडे एकच आहेत.

राहिला पहिला प्रश्न: नागऱ्यात का नाही? थंडी आहे, पण ती येईपर्यंत वेल जगली पाहिजे. आमच्याकडे पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटर आणि तो ऑक्टोबरातही रेंगाळतो, नेमका गोडी छाटणीनंतर कोवळी फूट निघते तेव्हा. जमीन धानाची. बांधीत पाणी साठावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून तळ घट्ट केलेली; कन्हार माती तर पाणी सोडतच नाही. जे धानाला अमृत ते द्राक्षाच्या मुळांना फास. त्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचा नेम नाही. तलाव-बोड्यांच्या या मुलखाने शतकानुशतकं पाणी धरून ठेवण्याची विद्या कमावली, आणि द्राक्षाला हवी ती पाणी सोडून देण्याची.

हे सगळं माहीत असूनही नोकरी सोडून गावी आल्यावर मी परसात, जरा उंचवट्यावर, मुरूम टाकून शेनिनच्या चार वेली लावल्या. पहिल्या फळाचा रस प्रयोगशाळेतल्या सवयीने मोजला: साखर सतरा ब्रिक्स, आंबटपणा चांगला. मणी निम्मे तडकलेले. दुसऱ्या वर्षी माकडांनी मोजायची वेळच येऊ दिली नाही. यंदा छाटणी आठ दिवस उशिरा केली. तरी परतीच्या पावसाने गाठलंच. काल सकाळी पानांवर तेलकट डाग दिसले, पान उलटून पाहिलं तर पांढरी बुरशी. केवडा. ही प्रस्तावना इथे थांबवतो; त्यावर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी चुना भिजत घातला आहे, मोरचूद अजून विरघळायचं आहे, आणि दुपारी पुन्हा ढग भरून येतील असं दिसतं.